साल्व्हिया ऑफिसिनॅलिस अर्थात सेज : औषधी परंपरा व रासायनिक घटक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

युरोपच्या औषधी परंपरेत सेज या सुगंधी झुडपाइतकी स्तुती फार थोड्या वनस्पतींच्या वाट्याला आली आहे. तुळस व पुदिना ज्या कुलातील, त्याच कुलातील ही वनस्पती मुख्यत्वे एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेकडील खडकाळ उतारांवर आढळते. ‘साल्व्हिया’ हे तिचे लॅटिन नाव ‘निरोगी असणे’ या अर्थाच्या शब्दाशी जोडले जाते. लिनिअसने १७५३ मध्ये त्यास ‘ऑफिसिनॅलिस’ हे विशेषण जोडले. औषधे ठेवण्याच्या कोठीशी त्याचा संबंध आहे. सेजपासून केलेल्या औषधांचा प्रचार करताना ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हा गुणाचा आणि सुरक्षिततेचाही पुरावा म्हणून पुढे केला जातो. ही परंपरा नेमकी कोणत्या वनस्पतीची आणि कोणत्या कृतीने केलेल्या औषधाची, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाव एक, वनस्पती अनेक :

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसने ‘एलेलिस्फाकोन’ या नावाने एका वनस्पतीचे वर्णन केले. ती लघवी व मासिक स्राव सुरू करते, रक्तस्राव थांबविते, केस काळे करते, असे गुण तो सांगतो. हीच वनस्पती म्हणजे आजचा सेज, असे सर्रास मानले जाते. परंतु ग्रीस व पूर्व भूमध्य प्रदेशात विपुल वाढणारी जाती निराळी, म्हणजे साल्व्हिया फ्रुटिकोसा होय. डायोस्कोरिडीसच्या डोळ्यांसमोर हीच किंवा तिच्या जवळची एखादी जाती असावी, असे मानण्यास जागा आहे. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. ग्रीक जातीच्या तेलात सिनिओलचे प्राबल्य असून थुजोन सहसा अल्प असते, तर ऑफिसिनॅलिसच्या तेलात थुजोन हाच बहुधा प्रमुख घटक असतो.

ग्रीक नाव मात्र उत्तरेकडे प्रवास करीत राहिले. इ. स. ८०० च्या सुमारास शार्लमेनच्या काळातील राजकीय जमिनींविषयीच्या आज्ञापत्रात लावावयाच्या वनस्पतींत साल्व्हियाचा समावेश आहे. नवव्या शतकात राइशेनाऊ मठाचा प्रमुख वालाफ्रिड स्ट्राबो याने आपल्या बागेवर जे काव्य रचले, त्यातील पहिली वनस्पती सेजच आहे आणि तिच्यासाठी त्याने वापरलेले नाव ग्रीक शब्दाचेच अपभ्रष्ट रूप आहे. नवे कोंब न छाटल्यास ते जुन्या झाडाला गुदमरवून टाकतात, ही त्याची नोंद पुस्तकी खचित नाही. ती स्वतः बाग राखणाऱ्याची आहे. सालेर्नोच्या वैद्यकपरंपरेतील आरोग्यविषयक पद्यग्रंथात तर सेजचा गौरव थेट मृत्यूच्या संदर्भात केला आहे. त्याला लागूनच औषधाच्या मर्यादेचीही कबुली आहे, पण हा उत्तरार्ध उद्धृत करताना बहुधा गाळला जातो.

पाणी, स्निग्ध पदार्थ आणि वाफ :

मठांच्या बागांतील सेज प्रामुख्याने पाण्यात किंवा मद्यात उकळून वा भिजवून, अथवा लेप करून वापरला जात असे. १५०० मध्ये स्ट्रासबर्ग येथे हिएरोनिमस ब्रुनश्विगचा ऊर्ध्वपातनावरील ग्रंथ छापला गेला, आणि सोळाव्या शतकात औषधशाळांतून ही क्रिया अधिकाधिक रूढ होत गेली. सेजच्या इतिहासातील हे वळण फारसे लक्षात घेतले जात नाही, परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते निर्णायक आहे.

पानांतील रोझमॅरिनिक आम्ल पाण्यात उतरते. घसा व हिरड्यांच्या दाहावर काढ्याच्या गुळण्या करण्याच्या प्रथेमागे टॅनिनसदृश अशा फिनॉलिक द्रव्यांचा स्तंभक गुण असावा. हे आम्ल शुद्ध रूपात प्रथम १९५८ मध्ये इटलीत रोझमेरीपासून वेगळे करण्यात आले. कार्नोसिक आम्लाचा स्वभाव याच्या उलट आहे. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते, काढ्यात फारसे येत नाही, आणि ऑक्सिडीकरणाने त्याचे कार्नोसोल या कडू द्रव्यात रूपांतर होते. १९६४ मध्ये लिंडे यांनी सेजमधूनच ते प्रथम वेगळे केले. त्यापूर्वी १९५२ मध्ये अमेरिकेत बत्तीस मसाल्यांची तुलना झाली, तेव्हा डुकराची चरबी खवट होण्यापासून रोखण्यात रोझमेरी व सेज सर्वांत सरस ठरले होते. सॉसेजमध्ये सेज घालण्याच्या युरोपीय स्वयंपाकघरातील जुन्या सवयीस असे रासायनिक समर्थन मिळाले.

वाफेबरोबर मात्र निराळेच काही निघते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सेजच्या तेलात अल्फा-थुजोन १८ ते ४३ टक्के आणि कापूर ४.५ ते २४.५ टक्के असू शकतो. ही दोन्ही द्रव्ये मोठ्या मात्रेत झटके आणतात. थुजोन मेंदूतील ‘गाबा’ या शामक संदेशवाहकाच्या कार्यात अडथळा आणते, हे २००० मध्ये दाखविण्यात आले. सेजच्या तेलाने माणसांना झटके आल्याची प्रकरणे फ्रेंच चिकित्सकांनी १९८१ मध्येच नोंदविली होती. काढ्यातही थोडे थुजोन उतरते, परंतु काही थेंब तेलात पुष्कळशा पानांतील थुजोन एकवटलेले असते. म्हणजे मठातील काढ्याचा शतकानुशतकांचा अनुभव या तेलास लागू करता येत नाही.

स्मरणशक्तीचा प्रश्न :

जॉन जेरार्डने १५९७ च्या आपल्या वनौषधीग्रंथात सेज मेंदूस व स्मृतीस हितकर असल्याचे म्हटले. आधुनिक संशोधक या विधानाचा आवर्जून उल्लेख करतात. तथापि २००३ मध्ये नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातील अभ्यासात निरोगी तरुणांची स्मरणक्षमता सुधारल्याचे आढळले, ते स्पॅनिश सेजच्या, म्हणजे थुजोन अत्यल्प असलेल्या दुसऱ्याच जातीच्या तेलाने. येथेही दाखला एका वनस्पतीचा आणि प्रयोग दुसरीवर, असे झाले. त्याच वर्षी इराणमध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या रुग्णांवर चार महिन्यांची नियंत्रित चाचणी झाली. तीत ऑफिसिनॅलिसचाच अर्क वापरला होता व निष्कर्ष अनुकूल आले. मात्र रुग्णसंख्या लहान होती. ऋतुनिवृत्तीच्या काळातील उष्णतेच्या झळांवरील २०११ च्या स्विस अभ्यासात ७१ स्त्रिया होत्या, पण तुलनेसाठी नियंत्रित गटच नव्हता. या विकारात केवळ सांत्वनौषधानेही पुष्कळ आराम पडतो हे ज्ञात असताना ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

युरोपीय औषध संस्थेने सेजच्या पानांना मान्यता दिली आहे ती अपचन, अतिरिक्त घाम, तोंड व घशाचा दाह आणि त्वचेचा किरकोळ दाह यांपुरती, आणि तीही ‘पारंपरिक वापर’ या आधारावर. तिच्या २०१६ च्या सुधारित मसुद्यात परंपरेच्या शेजारीच एक आकडा आहे : दिवसभरात पोटात जाणारे थुजोन ६ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. गर्भावस्थेत सेवनाची शिफारस तीत नाही. डायोस्कोरिडीसने सांगितलेला स्राव सुरू करण्याचा गुण त्याच्या एलेलिस्फाकोनचा होता की आजच्या सेजचा, हे मात्र त्या मसुद्यावरून ठरत नाही.