शिरपूरचा निकाल 'वाशिम' टाकून सापडत नाही

शिरपूर जैनच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा विषय निघाला की आपल्याकडे 'कोर्टानं असं म्हटलंय' असे मेसेज सुरू होतात. दोन्ही बाजूंचे होतात. मूळ निकाल वाचलेला माणूस मात्र क्वचित भेटतो. निकाल काही गुपित नाही. इंडियन कानून ही फुकट साइट २००८ पासून आहे. प्रिव्ही कौन्सिलचे जुने निकाल ब्रिटनच्या 'बेली' या साइटवरही वाचता येतात. पण शोधताना 'वाशिम' टाकून बसलात तर काही उपयोग नाही.

का? खटला सुरू झाला १९१० मध्ये. तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता! १९०५ ला तो मोडून अकोल्यात घातला होता, परत मिळाला १ जुलै १९९८ ला. त्यात इंग्रजांच्या कागदात वाशिमचं झालेलं 'बासिम', आणि त्यांच्या गॅझेटियरात शिरपूरचं 'सिरपूर'. आजचं स्पेलिंग टाकावं तर धुळ्याचं शिरपूर मध्ये येणार.

तर श्वेतांबरांचा दावा दाखल झाला अकोल्याला. तिथला निकाल १९१८ चा. अपील गेलं नागपूरला, पण हायकोर्टात नाही; नागपूरला हायकोर्ट आलं १९३६ ला. तोवर ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं, त्याचा निकाल १९२३ चा. आणि शेवटचं अपील थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलमध्ये, १९२९. आपल्या एका गावच्या मंदिराचं भांडण एकोणीस वर्षं चाललं आणि समुद्रापार गेलं. म्हणून शोधताना आधी कोर्ट 'प्रिव्ही कौन्सिल' निवडायचं, मग वर्ष १९२९.

तिसरी गोम नावाची. निकालाच्या शीर्षकात ना गाव, ना देव. तिथे आहे 'होनासा रामासा विरुद्ध कल्याणचंद लालचंद'. खटले पक्षकारांच्या नावानं ओळखले जातात. नावातले दोन शब्द अवतरण चिन्हात टाका, म्हणजे ते जोडीनंच शोधले जातात. नाव माहीत नसेल तर पार्श्वनाथ, पारसनाथ अशी दोन-तीन स्पेलिंगं करून पाहा.

सापडल्यावर खरी परीक्षा. निकालात आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं सविस्तर लिहिलेलं असतं. आपले लोक नेमका तिथलाच स्क्रीनशॉट काढतात आणि 'कोर्ट म्हणालं' करून पाठवतात. ते वकिलाचं म्हणणं असतं बाबांनो! कोर्टाचं ऐकायचं तर शेवटी जायचं. प्रिव्ही कौन्सिल तिथे राजाला नम्र सल्ला देते, अपील मान्य की नामंजूर. इथे दिगंबरांचं अपील नामंजूर झालं. व्यवस्थापनाचा हक्क श्वेतांबरांकडे राहिला. पण १९०५ ला दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, त्याप्रमाणे दिगंबरांचा पूजेचा हक्कही राहिला. फिरणाऱ्या मेसेजमध्ये यातलं एकच वाक्य असतं. कोणतं, ते पाठवणाऱ्यावर अवलंबून.

वाद तिथे मिटला नाही हे आपण जाणतोच. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते फेब्रुवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर उघडलं. तो आदेशही सुप्रीम कोर्टाच्या साइटवर गावाच्या नावानं शोधत बसू नका. पक्षकाराचं नाव आणि तारीख घ्या. आणि वाचायला लागलात की शेवटच्या परिच्छेदापर्यंत जा.