खेळाडूंच्या कार्डांचा बाजार : भाव कसा ठरतो, घासाघीस कुठवर चालते?

इलेक्ट्रॉनिक सिटी (बेंगळुरू) : खेळाडूंची छायाचित्रे असलेल्या संग्राह्य कार्डांची खरेदी-विक्री प्रदर्शने हा अमेरिकेतील जुना बाजार आहे. कामानिमित्त तेथे जाणाऱ्या येथील माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील क्रीडाप्रेमींनाही तो खुला असतो. मात्र, तेथील भाव ठरण्याची रीत ठाऊक नसल्यास नवखा ग्राहक सहज फसू शकतो.

भारतात बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे एका पिढीने जमवली. पुढे टॉप्स कंपनीची ‘क्रिकेट अटॅक्स’ कार्डे आली. मात्र ती प्रामुख्याने खेळण्यासाठी होती. अमेरिकेत बेसबॉलच्या कार्डांना गुंतवणुकीचे स्वरूप आले. तेथील ‘नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शन’ हे प्रदर्शन १९८० मध्ये लॉस एंजेलिस येथे सुरू झाले.

भावाचा आधार

कार्डावर चिकटवलेला आकडा ही विक्रेत्याची अपेक्षा असते; ते त्या कार्डाचे मूल्य नव्हे. पूर्वी सांख्यिकीतज्ज्ञ जेम्स बेकेट यांच्या दरपुस्तिकांवर भिस्त असे. आता ईबेसारख्या संकेतस्थळांवर तेच कार्ड प्रत्यक्षात कितीला विकले गेले, हे दोन्ही पक्ष मोबाइलवर पाहतात. तुलना करताना कार्डाचे वर्ष, क्रमांक, आवृत्ती आणि दर्जा तंतोतंत जुळणे आवश्यक असते. १९९१ पासून पीएसए ही संस्था कार्डांना १ ते १० असा दर्जा देते. ९ आणि १० या दर्जांच्या किमतींत अनेक पटींचा फरक पडू शकतो.

घासाघिशीची मर्यादा

विक्रेत्याला टेबलाचे भाडे आणि प्रवासखर्च भरून काढायचा असतो. त्यामुळे तो बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दराने कार्ड विकत घेतो. दुसरीकडे, ऑनलाइन विक्रीवरील सुमारे १३ टक्के शुल्क आणि टपालखर्च वाचत असल्याने रोखीच्या ग्राहकाला सवलत देणे त्याला परवडते. उदाहरणार्थ, अलीकडे १०० डॉलरच्या आसपास विकल्या गेलेल्या कार्डासाठी विक्रेत्याने ९५ डॉलर सांगितले आणि ग्राहकाने ८० देऊ केले, तर ८५ ते ९० च्या दरम्यान सौदा जुळू शकतो. ४० डॉलरचा प्रस्ताव मात्र बोलणेच संपवतो. अनेक कार्डे एकत्र घेतल्यास किंवा प्रदर्शनाच्या अखेरच्या दिवशी सूट मिळण्याची शक्यता वाढते.

सौद्याचे काही अलिखित संकेतही आहेत. दुसऱ्याचा सौदा सुरू असताना मध्ये बोलू नये. भाव पाडण्यासाठी कार्डाला नावे ठेवू नयेत. आपण सांगितलेली रक्कम विक्रेत्याने मान्य केल्यावर माघार घेणे अशिष्ट समजले जाते.

नफ्याचा मोह

मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ चे टॉप्स कार्ड १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ५० हजार डॉलरना विकले गेले होते. ऑगस्ट २०२२ मधील लिलावात त्याला १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. मात्र, अशी उदाहरणे विरळाच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९९० च्या आरंभी कंपन्यांनी भरमसाट कार्डे छापली. ती भविष्याची ठेव म्हणून जपून ठेवणाऱ्या अनेकांच्या हाती आज कवडीमोल गठ्ठे उरले आहेत. त्यामुळे रक्कम उच्चारण्यापूर्वीच अलीकडील विक्रीदर तपासणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.