२८ मार्च : शागाल यांच्या खिडक्यांचे चर्च

विख्यात चित्रकार मार्क शागाल यांचे २८ मार्च १९८५ रोजी फ्रान्समध्ये निधन झाले. इंग्लंडच्या केंट परगण्यातील ट्यूडली या खेड्यातल्या ऑल सेंट्स चर्चच्या सर्व १२ खिडक्यांच्या रंगीत काचा त्यांच्या आहेत. या छोट्या, प्राचीन चर्चचा मनोरा १८व्या शतकात विटांनी नव्याने बांधला गेला. १९६३मध्ये सारा द'अविग्दोर-गोल्डस्मिड ही तरुणी समुद्रात बुडाली. तिच्या स्मरणार्थ आईवडिलांनी वेदीमागील पूर्वेची खिडकी शागाल यांच्याकडून करवून घेतली. निळ्या लाटांत सारा, क्रुसाकडे चढणारी शिडी आणि वर येशू असे या खिडकीवरील चित्रण आहे. १९६७मध्ये ती बसवल्यावर शागाल यांनी उरलेल्या खिडक्याही करण्याची इच्छा व्यक्त केली. काचकाम शार्ल मार्क यांनी केले. १९८५मध्ये हा संच पूर्ण झाला.