चित्रसंकलनाची कोंडी : जुना रोग, जुनाच उपाय

लग्नकार्य आटोपतें, पाहुणे आपापल्या गांवीं परततात, आणि मग घरांतील एकादा मुलगा मोबाइलवर टिपलेलीं चित्रणें लॅपटॉपवर घेऊन तीं जोडावयास बसतो. पहिले दोन तुकडे जोडेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. तिसऱ्या तुकड्यापासून चित्र अडखळूं लागतें. मंगलाष्टकें पुढें निघून जातात आणि अक्षता मात्र हवेंतच थबकतात. लॅपटॉप तापतो, आंतील पंखा घोंघावूं लागतो, आणि घरांत निकाल लागतो कीं, यंत्र जुनें झालें, आतां नवें घेतलें पाहिजे. पांच-पन्नास हजारांचा हा निकाल घाईचा आहे. काम यंत्राच्या आवांक्याबाहेर जाणें हा रोग लॅपटॉपपेक्षां फार जुना असून, प्रत्येक पिढीनें त्यावर योजिलेला उपाय मुळांत एकच आहे.

आरंभीं संकलकाजवळ कात्री, फिल्म जोडण्याचें सिमेंट आणि डोळे एवढीच सामग्री असे. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. सुमारें ३,७०० फूट लांबीच्या ह्या चित्रपटाची फिल्म दादर येथील त्यांच्या राहत्या घरींच धुतली गेली, आणि कोऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रें पाडण्यापासून ह्या खटाटोपांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. कॅमेऱ्यांतून बाहेर येते ती मूळ निगेटिव्ह. ती चुकीच्या जागीं कापली गेली तर गेलेली चौकट परत मिळत नाहीं. म्हणून मोठ्या स्टुडिओंतून एक रिवाज रूढ झाला. निगेटिव्हवरून एक कामचलाऊ प्रत छापून घ्यावयाची, ओरखडे पडोत वा तुकडे होवोत, सारे प्रयोग त्या प्रतीवरच करावयाचे, आणि अखेरीस कडेवरचे क्रमांक जुळवून मूळ निगेटिव्ह एकदांच कापावयाची. १९२४ सालीं आयव्हन सेरुरिये यानें संकलकांसाठीं विकावयास काढलेलें मूव्हिओला यंत्र अशाच प्रतीवर चाले.

पुढें १९५६ च्या एप्रिलमध्यें अँपेक्स कंपनीनें शिकागो येथें चुंबकीय फितीवर चित्र उतरविणारें यंत्र दाखविलें. फिल्म उजेडासमोर धरली कीं चित्र दिसे; ह्या दोन इंच रुंद फितीवर कांहींच दिसेना. लोहकणांचा द्रव लावून खुणा उघड्या कराव्या, सूक्ष्मदर्शकांतून त्या पाहाव्या आणि नेमक्या रेघेवर पातें चालवावें, असा तो व्याप होता. रेघ चुकली कीं पडद्यावर चित्र उसळे.

ह्या कोंडींतून वाट दाखविली ती १९७१ सालीं सीएमएक्स ६०० ह्या यंत्रानें. सीबीएस आणि मेमोरेक्स ह्या कंपन्यांच्या भागीदारींतून तें निघालें. संगणकाच्या तबकड्यांवर चित्रण ठेवून हवी ती चौकट तें क्षणार्धांत समोर आणी. परंतु त्या अवजड तबकड्यांत सुमारें अर्ध्या तासाचेंच चित्रण मावे, आणि तेंही कृष्णधवल व निम्म्या बारकाव्याचें. त्याच्या कर्त्यांनीं ही उणीव लपविली नाहीं. तिचाच उपयोग करून घेतला. संकलकानें अंधुक चित्रावर निर्णय घ्यावेत, त्या निर्णयांची यादी यंत्रानें ठेवावी, आणि त्या यादीबरहुकूम दुसऱ्या यंत्रानें मूळ रंगीत फिती जोडाव्यात, अशी वांटणी झाली. १९८९ सालीं आलेल्या ॲव्हिड यंत्राचीही हीच रीत होती. वॉल्टर मर्च यांना ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) ह्या चित्रपटाच्या संकलनाबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें संगणकावर संकलित झालेल्या चित्रपटास मिळालेलें त्या विभागांतील पहिलें पारितोषिक होय.

आतां आजच्या लॅपटॉपकडे वळावें. २००३ सालीं एच.२६४ ही चित्रें आकसण्याची पद्धत प्रमाण म्हणून मान्य झाली. मोबाइलवरील चित्रणें बहुधा तिच्या किंवा तिच्या वारसांच्या स्वरूपांत असतात. हींत प्रत्येक चौकट पूर्ण लिहिलेली नसते. एक चौकट पूर्ण, आणि नंतरच्या अनेक चौकटींत काय बदललें तेवढीच नोंद. एकाद्या दुकानदारानें महिन्याच्या पहिल्या तारखेस शिल्लक लिहावी आणि पुढें केवळ रोजची जमा-नांवें मांडावी, तसाच हा प्रकार. सतरा तारखेची शिल्लक पाहिजे असेल तर पहिल्या तारखेपासून बेरीज केली पाहिजे. प्रेक्षक ओळीनें पुढें जातो, त्याला हें जाचत नाहीं. संकलक मात्र पुढें-मागें उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीबरोबर यंत्राला हिशेब नव्यानें मांडावा लागतो. त्यांतच फोर-के चित्राच्या एका चौकटींत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदू असतात.

येथें जुनी कामचलाऊ प्रतच ‘प्रॉक्सी’ ह्या नांवानें परत येते. ९६० गुणिले ५४० बिंदूंच्या प्रतीवर काम केलें, तर भार सोळाव्या हिश्श्यावर येतो. २०११ च्या फायनल कट प्रो टेनमध्यें अशा प्रती काढण्याची सोय अंगभूतच होती; प्रीमियर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह ह्यांतही ती आहे. प्रत काढतांना प्रत्येक चौकट पूर्ण लिहिणारी पद्धत निवडावी. अंतिम चित्रपट मात्र मूळ चित्रणांवरूनच तयार करावा.

तत्पूर्वीं दोषाचें स्थान ठरविणें अगत्याचें आहे. कोणतेही परिणाम न लावतां एकच मूळ तुकडा चालवून पाहावा. तो सुरळीत चालला, तर भार परिणामांचा आहे. तोही अडखळला, तर तीच चित्रणें बाहेरच्या डिस्कऐवजीं लॅपटॉपच्या आंतल्या डिस्कवर ठेवून पाहावें. कांहीं वेळ ठीक चालून मग गति मंदावली, तर कारण उष्णता असण्याचा संभव आहे. तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गति उतरवितो. विजेची जोडणी काढल्यावरही अनेक लॅपटॉप असेच मंदावतात. आवाज चित्रापासून हळूहळू दूर सरकत असेल, तर मोबाइलनें दर सेकंदास टिपलेल्या चौकटींची संख्या कमीजास्त होत असावी. चित्रण प्रथम समान गतीच्या स्वरूपांत बदलून घ्यावें.

एक सावधगिरी मात्र जुन्या संकलकांकडून उसनी घेतलीच पाहिजे. जागा अडते म्हणून मूळ चित्रणें पुसून टाकूं नयेत. त्या संकलकांनीं कामचलाऊ प्रतीचे हवे तसे तुकडे केले, पण मूळ निगेटिव्ह कुलुपांत जपली. घरच्या कार्याचें मूळ चित्रण पुसलें गेलें, तर नातवंडांच्या हातीं उरेल ती केवळ अंधुक प्रत. आणि तेव्हां कितीही महागडा लॅपटॉप आणला, तरी अक्षतांचा तो क्षण पहिल्या स्पष्टपणानें परत दिसणार नाहीं.