तेरावा क्रमांक कसा वाचायचा?

संशोधनाची तयारी करताना आपण आकडे भराभर गोळा करतो. पण ते वाचतो का? आज एकच आकडा घेऊ: तेरा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दत्तू भोकनळ रोइंगच्या सिंगल स्कल्स प्रकारात, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी मारायच्या २००० मीटर शर्यतीत, तेरावा आला. "पदक हुकलं" म्हणून आपण पुढे जातो. जरा थांबा.

दत्तू नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. दुष्काळ आणि विहिरी म्हणजे काय, हे परभणीकरांना वेगळं सांगायला नको. २०११ मध्ये वडील गेले. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तिथं पहिल्यांदा वल्हं हाती आलं. चारच वर्षांत, दक्षिण कोरियातल्या चुंगजूच्या पात्रता स्पर्धेत रौप्य मिळवून, तो रिओला गेलेला एकमेव भारतीय रोअर ठरला.

आता वेळा बघा. पहिल्या फेरीत ७ मिनिटं २१.६७ सेकंद, शेवटच्या शर्यतीत ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. आठवड्याभरात माणूस २६ सेकंदांनी सुधारला? नाही. पहिल्या दिवशी तलावावर जोराचा वारा होता. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे शर्यतीच रद्द झाल्या. त्या फेरीत पहिला आलेल्यालाही ७ मिनिटं ६.८९ सेकंद लागले होते. म्हणून रोइंगमध्ये वेळेची तुलना त्याच शर्यतीतल्या इतरांशी करायची. आपल्या भाषेत, हा 'कंट्रोल'.

आणि तेरावा म्हणजे? उपांत्यपूर्व फेरीत पहिले तीन पुढे जायचे, दत्तू चौथा आला. पुढे १३ ते १८ या क्रमांकांसाठीची 'फायनल सी' त्यानं जिंकली. ३२ स्पर्धकांत तेरावा, तोही शेवटची शर्यत जिंकून!

२०१८ च्या आशियाई स्पर्धेत सिंगल स्कल्सच्या फायनलमध्ये तो शेवटचा आला. तब्येत बिघडली होती, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत त्यानं सुवर्ण जिंकलं. तरी आदल्या दिवशीच्या शर्यतीवरून महासंघानं २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० मध्ये ती उठली, त्याच वर्षी अर्जुन पुरस्कारही मिळाला.

म्हणून तक्त्यातला आकडा उचलण्याआधी विचारा: हा कोणत्या दिवशीचा, कोणत्या परिस्थितीतला, आणि शेजारच्या रकान्यात काय आहे? चुकीचं वाचन कागदावरच राहतं असं नाही. कधी कधी ते एखाद्याच्या आयुष्यातली वर्षं खातं.