स्किबरीन
आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील एक लहान ऐतिहासिक शहर. ते कॉर्कच्या नैर्ऋत्येस सु. ८० किमी. वर आयलन नदीकाठी वसले आहे. १६३१ मध्ये चाच्यांनी जवळचे बॉल्टिमोर बंदर लुटून शंभरावर रहिवाशांना अल्जिअर्सला गुलाम म्हणून नेले. बचावलेल्यांपैकी काहींनी येथे आश्रय घेतल्याने ही वस्ती वाढली, अशी परंपरा आहे.

बटाट्यावरील रोगामुळे उद्‌भवलेल्या महादुष्काळात (१८४५–५२) या भागाची भीषण प्राणहानी झाली. बाजारात धान्य होते. परंतु मजुरांजवळ ते विकत घेण्यास पैसा नव्हता. ॲबिस्ट्रोअरी दफनभूमीत सु. ८,००० ते १०,००० मृतांना सामूहिक खड्ड्यांत पुरण्यात आले. जेम्स माहोनीची येथील रेखाचित्रे १८४७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध होऊन या दुर्दशेकडे जगाचे लक्ष वेधले गेले. दुष्काळात होरपळलेल्या पिढीतील ओडोनोव्हन रॉसाने १८५६ मध्ये येथे फिनिक्स संस्था स्थापिली. तिचे अनेक सदस्य पुढे फेनियन या क्रांतिकारी चळवळीत सामील झाले.

येथील नौकावहन मंडळ (स्था. १९७०) लोकजीवनाचे केंद्र असून त्याच्या पॉल ओडोनोव्हन व फिंटन मॅकार्थी या वल्हेकऱ्यांनी टोकिओ (२०२१) व पॅरिस (२०२४) ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके मिळविली. जुन्या गॅस कारखान्याच्या वास्तूतील वारसा केंद्रात दुष्काळाची स्मृती जतन केलेली आहे.