एकेरी वेटोळ्याचा नाद

वाद्याचा आवाज त्याच्या लाकडांत असतो, असें सामान्यतः मानलें जातें; पण विजेच्या गिटारीचा स्वभाव मुख्यतः ठरतो तो तारांखालच्या पिकअपानें. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारों वेढे. वर पोलादी तार छेडली कीं या वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मात्र तेंच वेटोळें भोंवतालच्या विजेची घरघरही टिपून घेतें. ती घालविण्यासाठीं गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं परस्परांविरुद्ध जोडलेलीं दोन वेटोळीं योजून १९५५ सालीं पेटंटसाठीं अर्ज केला. घरघर गेली, पण तिजबरोबर उंच स्वरांची धारही कांहींशी बोथट झाली.

१९६१ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डिक डेल या वादकास समुद्रलाटेवर स्वार झाल्याचा आवेग सुरांत आणावयाचा होता. त्याच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्यें एकेरी वेटोळींच होतीं. म्हणूनच जाड तारांवरील त्याचे द्रुत आघात सुटे व लखलखीत उमटले. त्याच वर्षीं निघालेल्या फेंडरच्या स्प्रिंगयुक्त प्रतिध्वनियंत्रानें या संगीताला पाण्याचा ओलावा दिला.

आजही तो नाद हवा असणारे कित्येक वादक जोडवेटोळें काढून एकेरी बसवितात. घरघर परत येते, हें त्यांस ठाऊक असतें. स्वच्छ स्वराचें तें मोल ते जाणूनबुजून देतात.